घरचे आणि पाव्हणे

एका पाखराचं नाव मी आजवर तोंडानं घेतलेलं नाही आणि इथंही लिहिणार नाही. ते काही रानावनातलं दुर्मीळ पाखरू नव्हे. घराच्या आढ्याला काड्याकुड्या कोंबून घरटं करतं, आरशात स्वतःलाच चोची मारत बसतं, अंगणातल्या धुळीत आंघोळ करतं. लेकराला भरवताना काऊच्या घासानंतर ज्याच्या नावाचा घास असतो ते. आता कळलं असेल. माझ्या सासऱ्यांचं नाव त्याच पाखरावरून ठेवलेलं होतं, शेवटी तेवढा 'जी' लावून. सून म्हणून मला ते नाव घ्यायची बंदी, बायको म्हणून सासूबाईंना बंदी, आणि ज्वारीची राखण मात्र आम्हा दोघींकडे. म्हणजे ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याच नावानं दिवसभर रानात बोंब ठोकायची. हा कारभार कुणाच्या डोक्यातून निघाला ते मला अजून समजलेलं नाही.

मी हिंगोलीची. आमच्या गल्लीच्या मागं जिनिंग, पुढं बाजार. तिथं मला चार पाखरं ठाऊक होती: कावळा, कबूतर, शेजारच्या पिंजऱ्यातला राघू आणि हे वर सांगितलेलं. चार पाखरांवर माझं छान भागत होतं. मग लग्न होऊन शिरड शहापूरच्या बाजूच्या एका खेड्यात आले. दुसऱ्या मोठ्या लढाईची बातमी नुकतीच आली होती, तो हिवाळा. ज्वारी निसवली, कणसांत दूध भरलं, आणि आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, फर्मान काढलं की उद्यापासून सूनबाईनं माझ्यासंगं माळ्यावर यायचं. माळा म्हणजे शेताच्या मधोमध चार मेढी रोवून त्यांच्यावर बांधलेलं मचाण. वर मी, हातात अंबाडीची गोफण आणि राकेलच्या रिकाम्या डब्याची दोरी. खाली पोतं टाकून आत्याबाई. दिवस उगवायच्या आत जाऊन बसायचं आणि मावळल्यावर उठायचं. अंगावरचं लुगडं दवानं भिजायचं ते दुपारपर्यंत वाळायचं नाही.

राखायचं म्हणजे पाखरू दिसलं की गोटा हाणायचा, एवढीच माझी समजूत. पहिल्याच सकाळी मी एका काळ्या, दुभंगल्या शेपटीच्या पाखरावर नेम धरला. नेम लागला नाहीच, पाखरू ओरडत उडालं, आणि खालून आत्याबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"अवं, तो कोतवाल अळ्या खाऊन राहिला, अन् तू त्यालाच मारून राहिली. काहून? त्यानं काय खाल्लं तुझं?"

मला काय माहीत तो कोतवाल. हिंगोलीत कोतवाल पट्टेवाला असायचा. त्या दिवशी मला कळलं की दाणे खाणारी पाखरं हाकलायची, अळ्या-किडे खाणारी बसू द्यायची, आणि कोणतं पाखरू कोणत्या बाजूचं ते गोटा सुटायच्या आधी ओळखायचं. हे सगळं मी शिकायचं होतं. शिकवणार त्या.

शिकवायची त्यांची तऱ्हा अशी की कुणालाही रडू कोसळावं. पहिला हुकूम, डोळे झाक. मी म्हणायची, आत्याबाई, वर बसवलं ते पाहायलाच ना? तर म्हणायच्या, आधी ऐक, मग पाहा. मी डोळे झाकून बसायची आणि त्या खालून विचारत राहायच्या, आता कोण बोललं? आता? आता? ज्वारीच्या रानात सकाळी एक पाखरू बोलत नाही. साठ बोलतात, आणि सगळी एकदम. होला घुमतो, सातभाई बांधाच्या बोरीत कचाकचा भांडतात, टिटवी उगीचच आग लागल्यागत ओरडत सुटते, कुठंतरी झुडपात कुंभारकावळा घागरीत तोंड घालून हाका मारतो. मी एक सांगावं तर दुसरंच निघायचं. कुंभारकावळ्याला मी वानर म्हणाले, त्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारच्या शेतातली तांड्यावरची बाई कापूस वेचायचं सोडून बांधावर आली आणि तिलाही तो विनोद सांगण्यात आला.

कधी चुकून विचारलं की ते पाखरू दिसतं कसं, रंग कोणता, तर त्यांना राग यायचा.

"रंगाचं काय करायचं हाय तुला? लुगडं घ्यायचं हाय का?"

 मला वाटायचं, बाईला शिकवायचंच नाही, सुनेला घालून पाडून बोलायला निमित्त पाहिजे. संध्याकाळी चूल फुंकताना मी मनातल्या मनात त्यांना अशी अशी उत्तरं द्यायची की काय सांगू.

त्यात नावांचा घोळ. ते घरातलं पाखरू ज्वारीचं पहिलं वैरी. थव्यानं येतं, कणसाला लोंबकळतं, दाणा पिळून दूध पितं. त्याचं नाव दोघींनाही घेता येत नाही, म्हणून आत्याबाईंनी त्याला नाव पाडलं होतं 'घरचे'. त्याची चिवचिव करून दाखवायला मात्र हरकत नव्हती. तो आवाज झाला, नाव नव्हे, असा निवाडा त्यांनीच करून टाकला होता. आणि ज्याअर्थी ते घरचे, त्याअर्थी थंडीत कुठून तरी लांबून हजारोंनी येणारी, गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची जी पाखरं, ते 'पाव्हणे'. त्यांचं खरं नाव भोरड्या. ते मला पुढं कळलं. आत्याबाईंनी 'पाव्हणे' म्हटलं आणि मी हेच त्या पाखराचं नाव असेल म्हणून पाठ केलं. कोतवाल असतो, कुंभारकावळा असतो, तर पाव्हणा का नसावा?

महिनाभरानं एक गोष्ट झाली. दुपारची वेळ. आत्याबाईंनी भाकरीचं फडकं सोडून पुढ्यात ठेवलं होतं आणि त्या मला दूर नाल्याकडच्या तितराबद्दल सांगत होत्या, तो नर आहे, एकटा आहे, वगैरे. तेवढ्यात एक कावळा आला. आवाज न करता त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर उतरला, फडक्यावरची भाकरी नीट उलटी करून पाहिली आणि तिचा चतकोर मोडून घेतला. आत्याबाई तितराचंच सांगत होत्या. मी वरून म्हणाले, "आत्याबाई, कावळा." त्यांनी मान वर केली, कान दिला आणि म्हणाल्या, "कुठं? बोलला न्हाई तो."

मग त्यांनी हात पुढं केला आणि फडकं चाचपलं. बोटं भाकरीच्या तुटक्या कडेवर थांबली. मी माळ्यावरून खाली उतरले. इतके दिवस पोटात साठवलेली सगळी उत्तरं माझ्याजवळ होती, आणि एकाचाही उपयोग नव्हता.

डोळ्यांत मोती पडले होते. उजव्या डोळ्याला उजेड-अंधार तेवढा कळत होता, डाव्याला धुरकट आकार. दोन साल झाले असं त्या म्हणाल्या. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. अंगण, ओसरी, चूल सगळं पायांना पाठ, त्यामुळं कुणाला कळलंही नाही. मी म्हणाले, मामंजींना सांगू, हिंगोलीच्या दवाखान्यात दाखवू. त्यांनी माझं मनगट धरलं.

"सांगू नको पोरी. यांना कळलं का मला घरी बसवतील, अन् राखणीला तांड्यावरचा गडी लावतील. तीस साल झाले, हे शेत मी राखून राहिले. घरी बसून मी काय करू, भिंतीकडं तोंड करून बसू?"

तेव्हा मला डोळे झाकायला लावण्याचं कारण समजलं, पाखरू त्यांना आता आवाजावरूनच कळत होतं. मला बघता येत होतं आणि काही कळत नव्हतं. त्यांना सगळं कळत होतं आणि दिसत नव्हतं. त्यांना माझे डोळे पाहिजे होते, आणि ते मागायचे कसे हे ठाऊक नव्हतं म्हणून महिनाभर शिव्या घातल्या. मला दया यायला पाहिजे होती. आली, पण आधी संताप आला. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर निम्मी रडारड वाचली असती. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तू कोण व्हती माझी?" 

त्यानंतर आमचं बरं चाललं. मी रंग सांगायची, त्या आवाज सांगायच्या, दोन्ही जुळलं की पाखरू पक्कं व्हायचं. भांडणंही व्हायची. कोतवाल हा फार लबाड पक्षी, शिक्ऱ्यासारख्या शिकारी पाखराचा आवाज हुबेहूब काढतो. मी पाहत असायची की कोतवाल बसलाय, आणि त्या खालून ठणकावून सांगायच्या की शिक्रा. तीस वर्षांच्या कानापुढं माझे दोन महिन्यांचे डोळे कोण विचारतो.

आणि मग पाव्हणे आले.

कणसांतला दाणा टणक होत आला होता. आत्याबाई एकदम उठून उभ्या राहिल्या. मला काही ऐकू येत नव्हतं, त्यांना कळमनुरीच्या बाजूनं थवा येताना ऐकू आला होता. म्हणाल्या, पाव्हणे आले, मोठ्यानं वरड, विहिरीवरून दोघांला बोलव, आपल्या दोघीच्यानं आवरायचे न्हाईत. विहिरीवर मामंजी आणि माझे यजमान मोट हाकत होते. सासऱ्यांना हाक मारायची चोरी, नवऱ्याला हाक मारायची चोरी. म्हणून मी माळ्यावर त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले, पदर दातात धरला आणि रानाला उद्देशून ओरडले, "पाव्हणे आलेऽऽ". तीनदा ओरडले. विहिरीवर ऐकू गेलं. मोट थांबली, बैल सुटले. मला वाटलं, आता येतील गोफणी घेऊन. तर दोघांनी पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले, मामंजींनी पटका झटकून बांधला, आणि बापलेक लगबगीनं गावाकडं चालू लागले.

मी पुन्हा ओरडले. त्यांनी हात वर करून, ऐकलं, निघालोच, अशी खूण केली आणि पाय उचलला.

त्या दिवशी मी किती गोटे फेकले ते देवाला माहीत. दंडातून कळ निघत होती. एकीकडून उठवलं की थवा गुलाबी चादरीसारखा उलटायचा आणि दुसरीकडं बसायचा. आत्याबाई डबा बडवत होत्या, घसा फाटेस्तोवर ओरडत होत्या, आणि तोंड बरोबर थव्याच्या दिशेला. ओढ्याकडचा सगळा पट्टा गेला. कणसांच्या जागी नुसती बोंडकं उभी राहिली.

तिकडं घरी मामंजींनी ओसरीवर घोंगडी अंथरून घेतली, शेजारणीला चहाचं आधण ठेवायला सांगितलं आणि वाट पाहत बसले. सांजच्याला आम्ही आलो तेव्हा ते दारातच होते. आत्याबाईंकडं पाहून विचारलं, पाव्हणे कुठं हाईत? आत्याबाईंना तोंड उघडवेना. तेव्हा पदराआडून, कधी नव्हे ते, मीच बोलले.

"जेवून गेले."

मी ते रागानं बोलले होते. पण यजमानांना हसू फुटलं आणि त्यामुळं मामंजी जास्तच भडकले. सकाळी जाऊन त्यांनी पट्टा पाहिला आणि मग मात्र कुणी हसलं नाही. त्यांनी निकाल दिला की पुढच्या साली तांड्यावरचा गडी, बायकांनी घरी बसायचं. आत्याबाईंनी दोन दिवस अन्न टाकलं. तिसऱ्या दिवशी मामंजी थोडे नरमले. म्हणाले, पुढच्या साली कणसं भरली का मी येतो शेतात. मी दावीन त्या पाखराचं नाव सांगायचं. बराबर सांगितलं तर राखा. पण घरचं-पाव्हणं चालणार न्हाई, ज्याचं जे नाव तेच घ्यायचं.

सगळ्यांना ही अट रास्त वाटली. मलाही वाटली. वर्षभर मी पाखरं घोकली. पाणी भरताना, शेण काढताना, बाळापूरच्या बाजाराला जाताना गाडीच्या मागं बसून. यजमानांनी एकदा विचारलं, तुला खूळ तर लागलं न्हाई? लागलंच होतं. आत्याबाईंना दिसत नव्हतं ते मला दिसायला पाहिजे होतं, आणि चुकले तर त्या भिंतीकडं तोंड करून बसणार होत्या.

पुढच्या हिवाळ्यात मामंजी काठी घेऊन माळ्याखाली येऊन उभे राहिले. सासऱ्यासमोर सून बोलत नाही, म्हणून मी आत्याबाईंच्या मागं पदर ओढून उभी. ते काठीनं दाखवणार, मी आत्याबाईंच्या कानात सांगणार, त्या मोठ्यानं सांगणार. रीतच तशी, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं दिसायचं कारण नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि काठी जिकडं वळेल तिकडं त्यांना हलकेच वळवत होते. बाभळीवरचा खाटीक पक्षी सांगून झाला. बांधावरची टिटवी झाली. निळे पंख उघडून चास उडाला, तोही झाला. मग बोरीवरून शिक्ऱ्याचा आवाज आला आणि मामंजींनी काठी तिकडं केली. आत्याबाई तोंड उघडणार तोच मी खांदा दाबला. दुभंगलेली शेपटी मला दिसत होती. मी कानात म्हणाले, कोतवाल. त्यांनी मान हलवली, नाही. मी पुन्हा म्हणाले.  त्यांच्या कानांच्या विरुद्ध मी आधीही सांगितलं होतं, पण ते ऐकायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

"कोतवाल," त्या म्हणाल्या.

बोरीवरून कोतवाल उडाला. मामंजी हुंकारले. मला वाटलं सुटलो.

तेवढ्यात जवळच्या कणसावर एक पाखरू येऊन बसलं. आवाज नाही, काही नाही. मान तिरकी करून दाण्याकडं बघत होतं. मामंजींनी काठी उचलली आणि विचारलं, "अन् हे कोण?"

 वर्षभर घोकली त्यात हे एकच पाखरू राहिलं होतं, कारण ते घोकायची गरजच नव्हती. नाव घेता येत नाही, 'घरचे' म्हणायला मनाई. अट घालताना हे त्यांनाही सुचलं नसेल, आम्हालाही सुचलं नव्हतं. मी आत्याबाईंच्या कानाशी तोंड नेलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून चिवचिव केली.

आत्याबाईंनी पदर सारखा केला. चेहरा नेमका मामंजींच्या चेहऱ्यासमोर धरला.

"ते तुमी," त्या म्हणाल्या.

मामंजी बघतच राहिले. त्यांच्या मिशा हलल्या. मला आधी वाटलं ते चिडले. ते परत निघाले. जाता जाता थांबले आणि हातातली काठी आत्याबाईंना दिली. नुसती पुढं करून थांबले नाहीत. त्यांचा हात उचलून, काठीचं टोक तळव्यात नेऊन ठेवलं, बोटं मिटली, आणि मग सोडलं. दिसणाऱ्या माणसाला कुणी अशी काठी देत नाही. म्हणजे यांना ठाऊक होतं. कधीपासून ठाऊक होतं देव जाणे, आणि मी वर्षभर रात्रंदिवस पाखरं घोकत मेले. बापलेकांनी, नवराबायकोंनी एकमेकांना सरळ काही सांगायचं नाही असाच त्या घराचा कायदा होता.

राखण आमच्याकडंच राहिली, पुढं सात हिवाळे. मधे मला मुलगी झाली. तिला घास भरवायचा तर पुन्हा तीच अडचण. आत्याबाईंनी ती आपल्या परीनं सोडवली. हा घास काऊचा, हा घास आज्याचा. पोरगी तशीच शिकली. अंगणात ती पाखरं उतरली की टाळ्या पिटायची, आजा आला, आजा आला. मामंजी ओसरीवरून हसायचे आणि मूठभर दाणे फेकायचे. मी दिवसभर ज्यांना हाकलून यायची त्यांना हे घरी जेवू घालत होते.

निजामाचं राज्य गेलं त्याच हिवाळ्यात मामंजी गेले. चार दिवसांचा ताप. तेरावा झाल्यावर मी अंगणात खरिपाची ज्वारी वाळत घातली. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. आता त्यांना उजेडही कळत नव्हता. एक पाखरू उतरलं आणि पोरगी ओरडली, आजा आला. मी हाकलायला हात उचलला.

"किती हायेत?" आत्याबाईंनी विचारलं.

"एकच हाय."

"मंग राहू दे. त्याला हाकलू नको."

मी हात खाली घेतला. एकाला पाहून दहा आले, दहाचे पन्नास झाले, सगळी ज्वारी पायाखाली घातली. मी हात चोळत उभी. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, अजून एकच हाय ना? मी म्हणाले, व्हय आत्याबाई, एकच. अंगणभर चिवचिवाट चालला होता, आणि त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले होते.